कानबाईच्या सोमवारचा प्रयोग

३ जुलै ९७, गुरुवार
अनुदान मंजूर! सुरतेत, आणि तेही मराठी नाटकाला. कुलकर्णीकाका बँकेतून रिटायर झाल्यापासून मंडळाचे अध्यक्ष आहेत, पण इतके खूश मी त्यांना आजच पाहिले. पेढे स्वतःच्या खिशातून. अट एकच. सांस्कृतिक खात्याचे साहेब प्रयोगाला येणार, आणि हॉलमध्ये नवा प्रेक्षक दिसला पाहिजे. नाही दिसला तर पुढच्या वर्षीपासून मराठीचं अनुदान बंद. साहेब तोंडावरच म्हणाले, "सुरतमां मराठी नाटक कोण जोवा आवे छे, बेन?"
मराठी नाटक बघायला येतं कोण म्हणे! अंगाचा तिळपापड झाला. पांडेसऱ्याच्या गिरण्यांत अर्धा खानदेश उतरलाय, ते ह्यांना दिसत नाही. पण खरं सांगायचं तर मंडळाला तरी कुठे दिसतंय. आमच्या नाटकांना तीच ती बँकवाली, पोस्टवाली घरं. चेहऱ्यांवरून मी खुर्च्या ओळखते.

१३ जुलै, रवि.
मीटिंग. काकांनी १० ऑगस्ट पक्की केली. रविवार आहे, सगळे मोकळे.
मी म्हटलं, "काका, त्या दिवशी कानबाई आहेत."
"मग त्यांना सांगा ना, दुसऱ्या दिवशी जा म्हणावं. कुठच्या पाहुण्या?"
हसून हसून पोट दुखलं. मग राग आला. वर्षानुवर्षं सुरतेत राहून ह्या माणसाला माहीत नाही की नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरात देवी बसते, प्रसादाचे रोट होतात, आणि त्या दिवशी बाईमाणूस उंबरा ओलांडत नाही. ज्यांना बोलवायचं त्यांच्याच सणाच्या दिवशी प्रयोग. पुढचे सगळे रविवार हॉल भरलेला. झालं कल्याण.

१५ जुलै
भाकरी थापता थापता सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, सोमवारी कानबाईला तापीवर पोचवलं की मोकळंच की. रजा तर समद्यांनीच टाकलेली असते.
तवा तसाच टाकून काकांना फोन करायला कोपऱ्यावरच्या एसटीडीत गेले.
"सोमवारी दुपारी नाटक? सोमवारी दुपारी माणसं दात काढायला जातात."
पण हॉल सोमवारी रिकामाच असतो, हवा तेवढा मिळाला. काका म्हणाले, "जबाबदारी तुमची." घेतली.

२७ जुलै, रवि.
दिवसभर पांडेसरा, मग डिंडोली, दारोदार आमंत्रणं. मी शिकवते त्या शाळेतल्या पोरांच्या आया ओळखतात, म्हणून दारं उघडली. सगळीकडे उत्तर एकच: तिकीट काढून नाटक आपल्याला जमायचं नाही. सांगितलं, तिकीट सरकारने काढलंय. तरी माना हलल्या नाहीत. सासूबाई सोबत होत्या, त्याही वाटेत म्हणतात, "नाटक मोठा लोकेसनं ऱ्हास. आपलं काय काम तठे?" नाटक मोठ्या लोकांचं, आपलं तिथे काय काम! म्हणजे घरचंच घोडं अडलं.

१० ऑगस्ट, रवि.
कानबाई बसल्या. घरभर रोटाचा वास. तालमीला गेले नाही, जाऊच शकत नव्हते. आरतीनंतर उंबऱ्यावरूनच गल्लीतल्या बायकांना हात जोडून म्हटलं, उद्या नदीवरून परस्पर या. मी स्टेजवर आहे, मला बघायला तरी या. कोणी हो म्हटलं नाही, कोणी नाहीही म्हटलं नाही.

११ ऑगस्ट, सोम.
घाईघाईत लिहितेय, अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.
नाटकाच्या वेळेला हॉल रिकामा. साहेब पहिल्या रांगेत, घड्याळाकडे बघत. काकांचा चेहरा पडलेला. मी विंगेत मेकअप करून उभी. आणि मग बाहेरून डफ. आधी वाटलं कोणाची तरी मिरवणूक चाललीय. ती आमचीच होती! नदीवरून ओल्या पदरानिशी, नव्या लुगड्यांत, पोरं कडेवर, रोटांची फडकी हातात. दरवान म्हणाला आत खायचं नाही. एका म्हातारीने त्याच्याकडे असं बघितलं की तोच बाजूला झाला. खुर्च्या संपल्या तेव्हा बायका खाली फतकल मारून बसल्या. साहेबांनी कौतुकाने रोट मागितला, तर सरळ नकार मिळाला. हा भाऊबंदातच खायचा असतो, म्हणाल्या.
दुसरा अंक. मी रंगवते ती म्हातारी बोचकं घेऊन घराबाहेर पडते, मुलं अडवत नाहीत. मी दाराशी पोचले, आणि अंधारातून सासूबाईंचा आवाज: "कथा जास व माय? घर तुनं शे!"
कुठे चाललीस बाई, घर तुझंच आहे, म्हणत होत्या. विंगेत काकांनी कपाळाला हात लावला. पुढचं वाक्य डोक्यातून पार गेलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "मनं शे माय, पन मनं कोन आयकस?"
घर माझंच, पण माझं ऐकतं कोण! तेरा वर्षं स्टेजवर शुद्ध बोलतेय. घरची अहिराणी तिथे कधी काढली नव्हती. सगळा हॉल उठला. शिट्ट्या, हुंदके, बायका नाटकातल्या माझ्या पोरांना शिव्या घालताहेत. मी बोचकं खाली ठेवलं. नाटकात ते ठेवायचं नाहीये, पण त्यांनी मला बाहेर जाऊच दिलं नाही. शेवट बदलला. जिंकले ग बाई, जिंकले.
काका मेकअप रूममध्ये आले. वाटलं झापणार. "संहितेत हे नव्हतं," एवढंच म्हणाले आणि डोळे पुसले.

१७ ऑगस्ट, रवि.
साहेब आज मंडळात आले होते. पुढचं अनुदान मिळेल, म्हणाले. मी म्हटलं, पुढचं नाटक अहिराणीत करायचंय. त्यांनी डायरी काढली. मग, "ए भाषाने ग्रांट मळे के नहीं, पूछवुं पडशे." काका मध्ये पडतील, मराठीच बरं म्हणतील, असं वाटलं. ते म्हणाले, "विचारा की. आम्ही तोवर तालीम सुरू करतो."
पलसाण्याहून प्रोसेस हाउसमधल्या, कापड रंगवणाऱ्या बायका विचारायला आल्या होत्या, आमच्याकडे कधी? मी म्हटलं, नाटक अजून लिहिलेलंच नाही. सासूबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लिख. मी सांगस."
आत्ता वही घेऊन त्यांच्यासमोर बसलेय. त्या सांगताहेत, मी लिहितेय. साहेबांचं उत्तर काय येतं ते येवो.