त्या सोमवारचा हात

मंगळवार, ३ सप्टेंबर २०१९
आज फोन आला. कर्स्टन नावाची मुलगी. टीव्हीवरच्या कुस्तीत दोन कंपन्या एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या, त्यावर माहितीपट काढतेय. "होइट प्रुइटच्या शेवटच्या कुस्तीत पंच तुम्हीच होतात ना, वेंडेल सर?" हो म्हणालो. बोलायला तयार आहे, असंही म्हणालो. का म्हणालो!


गुरुवार, ५ सप्टेंबर
काय दिवस होते! दर सोमवारी एकाच वेळेला या चॅनेलवर आम्ही, त्या चॅनेलवर उत्तरवाले, म्हणजे उत्तरेकडची ती दुसरी कंपनी. मंगळवारी सकाळी प्रेक्षकांचे आकडे यायचे. मालकाचं तोंड बघूनच कळायचं कोण हरलं. त्या वर्षी सहा आठवडे ओळीने आम्हीच हरत होतो. माझ्या कानातल्या यंत्रात दिग्दर्शक लमार ओरडायचा, "त्यांच्याकडे जाहिराती लागल्यात, लोक आपल्याकडे वळतायत! आत्ता थांबलात तर एकेकाला बघून घेईन!"
हे सगळं आठवायला मला आवडतं. एक सोमवार सोडून.

रविवार, ८ सप्टेंबर
चर्चनंतर होइटकडे. नेहमीसारख्या उकडलेल्या शेंगा नेल्या. मी सोलतो, त्याच्या तोंडात घालतो. एकवीस वर्षं झाली. मानेखाली काही हलत नाही, जीभ मात्र जोरात — "किती खारट केल्यास रे, वेंड्या! मारतोस का मला?"
त्याची बायको नदीन हसली. म्हणाली, "ती मुलगी याला त्या कुस्तीची जुनी टेप दाखवणार आहे. मोठ्या पडद्यावर."
मी पुढची शेंग सोलायला घेतली.

बुधवार, ११ सप्टेंबर
लिहूनच टाकतो.
आमची कुस्ती आधी ठरलेली असते, पण आपटणं खरं. कुणी निपचित पडला की पंच वाकून त्याचा हात धरतो. लोकांना वाटतं, हार मानतोस का म्हणून विचारतोय. खरं तर आम्ही हात दाबतो. त्याने उलट दाबला तर ठीक. नाही दाबला तर कुस्ती तिथेच बंद.
होइट मानेवर पडला. मी हात दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. काही नाही. कानात लमार — "ठीक आहे ना तो?" निपचित पडण्यात होइटसारखा कलाकार नव्हता, मला वाटलं सोंग — नाही. खोटं. मला तसं काहीच वाटलं नव्हतं. मला मंगळवारचे आकडे दिसत होते. मी कॅमेऱ्याकडे बघून हो म्हणून मान डोलावली.
समोरच्याने त्याला उचलून पुन्हा आपटलं.
त्याने हात दाबला होता, असं मी सगळ्यांना सांगितलं. नदीनला तर हॉस्पिटलात शपथ घेऊन. शुद्धीवर आल्यावर होइट म्हणाला, त्या दिवसाचं काही आठवत नाही. केवढं सुटल्यासारखं वाटलं मला!
आणि त्या मंगळवारी आम्ही जिंकलो. केक कापला. मीही खाल्ला.

शनिवार, १४ सप्टेंबर
कर्स्टनचा फोन. टेप साफ करून घेतलीय. "तुम्हा दोघांचे हात अगदी जवळून दिसतात, सर!" उद्या बाराला होइटच्या घरी दाखवणार.
तिच्या आधी पोचायचं. आपल्या तोंडाने सांगायचं.

रविवार, १५ सप्टेंबर
अकरालाच गेलो. तासभर नुसत्या शेंगा सोलल्या. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला तेव्हा होइटच बोलला. "वेंड्या, त्या सोमवारी पडल्या पडल्या मी तुला म्हणालो होतो — हात कळत नाहीयेत मला. मला पहिल्यापासून सगळं आठवतंय. दर रविवारी वाटायचं, आज सांगशील. शेवटी त्या मुलीला तुझा नंबर मीच दिला."