राहून गेलेली शिकार

खलिफा सिटी, अबू धाबी

मंजूताई, तुला आणि भावजींना नमस्कार.

भावजींचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक.

मी आणि ईश्वरी स्कॉटलंडला हरणाच्या शिकारीला जाणार होतो ना, ते रद्द केलं. तिथे दिवसभर डोंगर तुडवावे लागतात, म्हणून इथल्या हट्टा गावाजवळच्या डोंगरावर चालायचा सराव करताना मला धाप लागली. डॉक्टरांनी फक्त गोळ्या दिल्यात, काळजी करू नकोस. पण मी घाबरलो आणि लेकीला न विचारताच बुकिंग सोडलं. रजा मिळाली नाही, असं तिला सांगितलं.

गोळ्या पाहून तिला खरं कळलं. "बाबा, वी कुड हॅव वॉक्ड स्लोली," एवढंच म्हणाली.

सप्टेंबरात ती कॉलेजला कॅनडाला जाईल. काल तिनं आम्हा दोघांचेही बूट पुसून खोक्यात ठेवले.

आईला यातलं काही सांगू नकोस.

तुझा,
सतीश