ठिपक्यांची चादर

२ फेब्रुवारी, रविवार
ठरलं. या तमिळ शहरातल्या नुंगंबाक्कम भागात एका गॅलरीत मार्चमध्ये व्हिडिओ आर्टचं प्रदर्शन आहे. विषय, शहरात शिरलेले वन्य प्राणी. आमच्या वेळचेरीच्या बिल्डिंगमागची भिंत ओलांडली की शहरातच राखलेल्या गिंडीच्या जंगलातली हरणं. हरीण शहराकडे बघतंय, असा सात मिनिटांचा एकच शॉट. बावीस वर्षं बँकेत गेली, आता खरा हेरंब लोकांना दिसेल. चारुलताला सांगितलं. ती बरं म्हणाली. बायकोचा भक्कम पाठिंबा आहे.

५ फेब्रुवारी, पहाटे ५.१०
गच्चीवर टाकीशेजारी ट्रायपॉड. हरीण नाही. डास आहेत.

११ फेब्रुवारी
सातवी पहाट. हरीण नाही. खालच्या सीतालक्ष्मी मामी, तंजावरच्या मराठी, आमच्याकडे बसल्या होत्या. त्यांना विचारलं, इकडे कधी हरीण दिसतं का. हरीण? इथे? म्हणाल्या आणि चारुकडे बघितलं. चारु गाजरं सोलत होती. या आठवड्यात तिसऱ्यांदा गाजरं. सालं पिशवीत जपून ठेवते. कंपोस्ट असावं. अशा बारीकसारीक गोष्टींत मी लक्ष घालत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
हरणाशिवाय हरीण! आधी कसं सुचलं नाही? ठिपक्यांची चादर पांघरून पार्किंगमधून फिर, असं चारुला म्हटलं. तिचे गुडघे दुखतात म्हणे. कलावंताला घरून हेच मिळतं. शेवटी चादर मीच पांघरली आणि स्कूटरींच्या मधून रांगलो. वॉचमनने दोनदा विचारलं, सार, काही हरवलंय का. मामींची नात श्रीविद्या बाल्कनीतून फोनवर शूट करत होती. कॉलेजात व्हिजकॉमला, म्हणजे व्हिज्युअल कम्युनिकेशनला आहे. शिकू दे.

२८ फेब्रुवारी
व्हिडिओ पाठवला. निवड ही आता औपचारिकता.

९ मार्च
निवड झाली नाही. ज्युरी तरुण आहेत, त्यांना खोली झेपत नाही. श्रीविद्याची झाली. मामी मैसूरपाक घेऊन आल्या. चारुने पोरीला मिठी मारली. मी एकच तुकडा खाल्ला.

१५ मार्च, शनिवार
उद्घाटनाला गेलो. मोठं मन दाखवायला.
पडद्याचे दोन भाग. डावीकडे आमचंच मागचं गेट. सकाळचे साडेदहा, म्हणजे मी बँकेत. खरं हरीण! मामी केळीची सालं टाकताहेत. चारु हातातून गाजराची सालं भरवतेय, त्याला चिमी म्हणतेय, खळखळून हसतेय. उजवीकडे चादरीत मी. शेवटी पाटी: प्राणी – हेरंब अंकल, तिसरा मजला.
सगळा हॉल हसला. चारुसुद्धा. फसवलं मला. सगळ्या बिल्डिंगने, आणि घरच्या माणसानेही.

१६ मार्च
चारुशी आठवडाभर बोलायचं नाही, असं ठरवलं.
सकाळी सात वाजता बोललो. हे कधीपासून? दिवाळीपासून, म्हणाली. मग मला का नाही सांगितलं? म्हणाली, तुम्ही दिवे लावले असते, ट्रायपॉड उभा केला असता आणि ते परत आलं नसतं. या गावात आल्यापासून दिवसभरात मराठीत बोलायला मला मामी आणि ते हरीण, एवढंच आहे. तुम्ही कधी विचारलंत, मी दिवसभर काय करते?
फार लागलं. दुपारी ठिपक्यांची चादर धुऊन वाळत घातली.

२० मार्च, गुरुवार
रजा टाकली. कॅमेरा घेतला नाही. गाजरं स्वतः सोलली, बोट कापलं. साडेदहाला मागच्या गेटशी सालं घेऊन उभा राहिलो. हरीण आलं. माझ्याकडे नीट बघितलं आणि चारुच्या मागे जाऊन उभं राहिलं.
चारु म्हणाली, सालं खाली ठेवा आणि वर जा.