फळीवरचा सोमवार

प्रिय चिमणे,

मराठीत लिहितोय, म्हणजे तुला लाल पेन घेऊन बसावं लागणार नाही. लग्नाला महिना उरला. विहीणबाईंना इंग्रजीशिवाय दुसरं काही कळत नाही, म्हणून चार महिन्यांपूर्वी तू फोनवर म्हणालीस, बाबा, तुम्ही काळजी करू नका, तुम्ही नुसते हसा, बाकी मी सांगेन त्यांना. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. पण मनाला लागलं गं. मुलगी माझी, आणि तिच्या सासूशी दोन शब्द बोलायला मला दुभाषा हवा? दुसऱ्याच दिवशी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर सकाळी इंग्रजीचा वर्ग असतो, तिथे नाव घातलं. तुला कळू द्यायचं नाही अशी तुझ्या आईला ताकीद दिली. एरवी तिच्या पोटात काही राहत नाही, पण या वेळी राहिलं.

वर्गात एक नर्सबाई, एक बसचालक आणि मी सुतार. शिकवणाऱ्या बाई तुझ्याच वयाच्या, मला काका म्हणतात. क्रियापदांशी माझं कसंबसं जमलं, पण ते इन, ऑन, ॲट! आपल्याकडे एकटा बिचारा 'वर' सगळीकडे राबतो: टेबलावर, भिंतीवर, वेळेवर. तिथे प्रत्येक कामाला वेगळा गडी. माझी मुलगी माझ्यावर रागावते, एवढंच इंग्रजीत सांगायला गेलो, तर बाई हसून म्हणाल्या, काका, ती तुमच्या डोक्यावर बसून रागावते असं वाटतंय. म्हटलं, तेही खरंच आहे.

शेवटी डोकं चालेना म्हणून हात चालवले. उरलेल्या फळ्यांचं वीतभर उंचीचं कपाट केलं. खाली मोठा खण, त्याला पितळी मूठ, आणि वर एक फळी. तुझ्या आईने शिवणाच्या डब्यातलं एक बटण कधी खणात, कधी फळीवर, कधी कपाटामागे ठेवायचं आणि मी ते कुठे आहे ते इंग्रजीत सांगायचं. चुकलो की चहा उशिरा. पहिला आठवडाभर सकाळचा चहा मला दुपारीच मिळाला. जागा जमल्या, तर वेळ आडवी आली. सोमवार कुठे ठेवायचा? एकदा रंधा मारता मारता सुचलं. महिने आणि वर्षं मोठी, ती खणात, तिथे इन. दिवस फळीवर मांडायचे, तिथे ऑन. घड्याळातली वेळ टीचभर, ती मुठीवर, तिथे ॲट. चिठ्ठ्या चिकटवून कपाट वर्गात नेलं. बाई बघतच राहिल्या. आता ते त्यांच्याच टेबलावर असतं, आणि चाचणी असली की बसचालक आधी त्याच्या मुठीला हात लावून येतो.

काल बाईंनी मला लग्नातलं भाषण वर्गासमोर म्हणायला लावलं. सहाच वाक्यं आहेत. आठवतं का, तू माझ्या कामाच्या टेबलाखाली बसून खेळायचीस आणि रंध्याची सालपटं तुझ्या केसांत अडकायची? तुझी आई ती वेचत मला बोल लावायची. विहीणबाईंना मला तेच सांगायचंय, की ही पोर माझ्या टेबलाखाली वाढली. त्यातलं 'अंडर' मी अगदी चोख म्हटलं, आणि डोळे पुसायला थांबलो. नर्सबाईंनी पाणी आणून दिलं. मग उरलेली वाक्यं म्हटली. दोन चुका निघाल्या, पण टाळ्या पडल्या. चिमणे, इतका आनंद मला पहिलं कपाट विकलं तेव्हाही झाला नव्हता.

म्हणून हे पत्र. लग्नाच्या दिवशी माझ्या आणि विहीणबाईंच्या मध्ये येऊन उभी राहू नकोस. नवऱ्याशेजारी खुशाल बस. मी अडखळेन, एखादं इन-ऑन इकडचं तिकडे होईल, तरी मदतीला धावू नकोस. तुझ्याबद्दल तुझ्या बापाला त्याच्या तोंडाने सांगू दे. मी बोलेन. तू नुसती हस.

तुझाच, आणि आता बिनदुभाष्याचा,
बाबा