खिळ्यावरचा बिल्ला

सोमवार
पोचलो एकदाचे. लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून लेक आणि जावईबापूंनी या हॉटेलात आठवडाभर पाठवलंय. पूर्वी इथे शिलाईच्या दोऱ्याचा कारखाना होता. भिंतींना गिलावा नाही. मला वाटलं काम अर्धवट राहिलं, पण ही म्हणाली, अहो, तीच तर फॅशन. न्हाणीघराला काचेचं दार! मी कुरकुरलो तर म्हणते, या वयात कुणाला लाजताय. खाली दालनात जुनी यंत्रं काळा रंग देऊन उभी केलीत, रिकाम्या रिळांसकट. खोली उघडायला दोघांना एकेक पितळी बिल्ला मिळाला. बाहेर जाताना तो खाली मुख्य दाराजवळच्या फळ्यावर खिळ्याला लावायचा. हरवायच्या धास्तीने मी माझा खिशातच ठेवतो. ही मात्र सांगितलेलं ऐकते.

मंगळवार
फिरून आल्यापासून ही गप्प आहे. जेवताना चिमटीने हवेतच काहीतरी जोडत होती, तुटलेले धागे सांधावेत तशी. विचारलं तर म्हणाली, कुठे काय. काउंटरवरची मुलगी कारखान्याच्या गमती सांगत होती. कामगार आत आला की बिल्ला खिळ्याला लावायचा, म्हणजे कामावर हजर. यंत्र क्षणभरही मोकळं सोडायचं नाही. बदलीचा माणूस येऊन स्वतःचा बिल्ला लावेपर्यंत पहिल्याला सुट्टी नाही. आम्ही ते उलटं केलंय, लावला की पाहुणा मोकळा, असं म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही.

बुधवार
हिच्या बोटांना बारीक चिरा पडल्यात. डॉक्टर येऊन गेले, अशक्तपणा म्हणाले. लेकीला फोन केला, तर म्हणते, बाबा, कुठेही गेलं तरी तुम्हाला काहीतरी खुपतंच. खाली गेलो तर हिचा बिल्ला खिळ्यावर. काल परत आल्यावर तिने काढला होता, मी पाहिलंय. काढून आणला, उशीखाली ठेवला.

गुरुवार
बिल्ला पुन्हा खिळ्यावर. हिचा अंबाडा सुपारीएवढा झालाय. खाली पहिल्या यंत्रावरचं रीळ अर्धं भरलंय. पांढरा धागा, मधेच हिच्या कलपाचा काळा. पाहुणे त्याचे फोटो काढतायत.

शुक्रवार
टॅक्सी बोलावली. फाटकाबाहेर पाऊल टाकताच ही कोसळली— बोटं मात्र चालूच. आत आणली तेव्हा कुठे श्वास सुरू झाला. आता टाळू दिसते. केस संपल्यावर काय काढणार— लिहवत नाही.
बदली मिळाली तर सुटेल ती.

शनिवार
माझा बिल्ला लावला. हिचा आपोआप खाली पडला. धावत वर आलो तर ही उठून बसलेली, बोटं मांडीवर शांत. म्हणाली, "अहो, होतात कुठे? चहा तरी सांगा."
लेकीला बोलावून घेतलं. आईला ने, मी मागाहून येतो म्हटलं. फाटकातून नीट गेली ही. मागे वळून रागावली, एकटे काय करणार इथे—

दुपार. बोटं माझं ऐकत नाहीत. पेन सुटतं. खाली यंत्र चालू झालंय. मला टक्कल, माझं काय काढणार, म्हणून हसलो होतो—

नखाखालून काहीतरी बारीक, ओलं बाहेर येतंय. ओढून पाहिलं. छातीत कळ— तुटलं ते. सांधायला हवं, लवकर, नाहीतर ही परत— दुसरं टोक कुठं