तात्यांचा उजवा हात आणि माझं गाणं

चि. मेहुणेबुवांस, तुझ्या एकुलत्या एक दाजीचे अनेक आशीर्वाद.

तुझा खोकला गेला का? नसेल गेला तर गरम पाणी पी, आणि गेला असेल तरी पी, असं तुझ्या ताईने सांगितलंय. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, तात्यांचा उजवा हात सोडला तर. आता पत्र त्या हाताबद्दलच आहे, पण घाबरू नकोस, पाणी पीत पीत निवांत वाच.

तू पाठवलेला तो डबा पोचला. तांब्याच्या पट्ट्या, वायरींचं भेंडोळं, चपटा स्पीकर, सगळं धडधाकट. "पट्टीला हात लावला की आवाज येतो, तात्यांना गंमत वाटेल, हात आपोआप हलेल," ही चिठ्ठीही मिळाली. तू हुशार आहेस, पण तुझ्या वडिलांना माझ्याइतकं ओळखत नाहीस. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचा तो हात मांडीवर नुसता पडून असतो. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई रोज बजावतात की आत्ता वापरला नाही तर हात कायमचा जाईल. तात्या म्हणतात, "हात माझा आहे. रजेवर आहे." (जीभ मात्र एक दिवसही रजेवर गेलेली नाही.) दाबायला दिलेला रबरी चेंडू ते उशीखाली ढकलतात. शेवटी बाईंनी त्यांच्या चांगल्या डाव्या हातात जाड मोजा चढवला, म्हणजे नाइलाजाने तरी उजवा उठेल. तर हे गृहस्थ मोज्यानेच सगळं उरकू लागले! तुझी ताई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसते आणि विचारलं की कांदा म्हणते. घरात कांदा नसला तरी.

तेव्हा मी कंबर कसली. जन्मभर फ्रिज दुरुस्त करणाऱ्या माणसाला चार वायरींचं काय कौतुक? आधी घरातल्या वस्तूंवर हात साफ केला. कुंडीतल्या झाडाला वायर लावली, पानाला हात लागला की शिंक. तुझी ताई पाणी घालायला गेली आणि झाडाला चक्क "सॉरी" म्हणाली (मला लग्न झाल्यापासून एकदाही म्हणालेली नाही). दाराच्या कडीलाही लावली, तर शेजारच्या काकू किंचाळून आल्या पावली परत गेल्या. मग बटाट्यांची बाजाची पेटी केली, प्रत्येक बटाट्याला वेगळा सूर, आणि ताटात मांडून तात्यांपुढे नेली. अरे, शाळेत संगीत शिकवण्यात केस पांढरे झालेला माणूस, म्हटलं आता तरी हात शिवशिवेल! मी एकेक वाजवून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिसरा बटाटा उतरलाय." हात काही लावला नाही. संध्याकाळी तुझ्या ताईने ती पेटी शिजवली.

तरी मी हार मानली नाही. एक पट्टी त्यांच्या खुर्चीच्या उजव्या दांडीवर बसवली आणि जोडणी नव्याने केली. चालतं की नाही एवढंच बघायचं म्हणून आत माझंच एक गाणं भरलं. माझ्या गाण्याबद्दल तात्यांचं मत तुला ठाऊकच आहे. तुझ्या ताईला मागणी घालायला आलो तेव्हा मी हौसेने गायलो होतो, तर ते मधेच उठून सगळ्या खिडक्या लावून आले. (मला वाटलं, माझा मान ठेवताहेत.) तर बेत असा की हात लावला की गाणं सुरू. पण इथे माझा धंदा आडवा आला. फ्रिजच्या दाराचं बटण दाबलेलं असलं की आतला दिवा बंद, सुटलं की चालू. बोटांना तीच सवय! मी आपला नेहमीसारखा वायरी जोडून मोकळा झालो, खटका दाबला मात्र, आणि गाणं आपणहून सुरू झालं. आता ते हात लावला तरच बंद होणार होतं.

तात्या दचकले, मग लालबुंद झाले. "बंद कर रे ते!" मी वायर उपटायला वाकलो, तर व्यायाम घ्यायला आलेल्या बाईंनी मागून माझा सदरा गच्च धरला. "हलू नका," म्हणाल्या. तात्यांनी डाव्या हाताने दांडीवर दणादण दणके घातले, पण जाड मोज्यातून त्या पट्टीला स्पर्श कळतच नाही. मोजा दातांनी ओढून पाहिला, निघेना. तेवढ्यात गाण्यात माझी तान सुरू झाली. आणि अरे, काय सांगू तुला, मांडीवरचा तो हात हलला! थरथरत वर आला, दांडीपर्यंत कसाबसा पोचला आणि धपकन पट्टीवर पडला. सगळं चिडीचूप. तात्या आपल्याच हाताकडे बघत राहिले. मग हात घसरला, तान पुन्हा सुरू, आणि त्यांनी तो पुन्हा उचलला! तुझी ताई दारात उभी राहून हसत होती आणि रडत होती, कांद्याचं नावसुद्धा काढलं नाही. मीही रडलो. बाईंनी सदरा सोडला नव्हता त्यामुळे तो फाटला, पण फाटू दे. आता मी रोज पट्टी थोडी वर सरकवतो आणि तात्या रोज मला शिव्या देत तिथवर पोचतात.

काळजी घे, आणि त्या पाण्याचं विसरू नकोस.

तुझा कर्तबगार (हे आता घरात मान्य आहे) दाजी

ता. क. खरं काम राहिलंच. कालपासून तात्या पट्टीला हातच लावत नाहीत. गाणं अख्खं ऐकून घेतात, डोळे मिटून! माझ्या कलेचा हा विजय असला तरी हाताचं नुकसान आहे. तेव्हा तुझं एक गाणं ताबडतोब रेकॉर्ड करून पाठव. माझ्याहून वाईट गाणारं आपल्या घरात तुझ्याशिवाय दुसरं कोणी नाही.

ता. ता. क. पुढचं तात्या लिहिताहेत. मला बघू देत नाहीत.

गाणं पाठवू नये. ऐकतो कारण याचा ताल चुकतो. बोटांनी तो धरून दाखवतोय. जावई शिकेल. अक्षराला हसू नकोस. उजव्या हाताचं आहे.