माझ्या भट्टीत चकती शिरू नये म्हणून

मी, फिलोमेना स्काफिदी, कै. अमादेओ स्काफिदी यांची पत्नी, वय ८१, धंदा बेकरी, राहणार लॉरेल फोर्क, राज्य वेस्ट व्हर्जिनिया, आज मंगळवारी सकाळी बेकरीतल्या पिठाच्या टेबलाशी बसून, डोकं ठिकाणावर असताना, कुणी धाक दाखवलेला नसताना, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहिते. परवा माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका. ज्याची छाती कापायची नाही त्याला म्हणायला काय जातं!

यापूर्वी केलेली माझी सहाही मृत्युपत्रं रद्द समजावीत. वकील पेंडलटन मला पाहिलं की आता दुसऱ्या दाराने जातात. परवा फोनवर म्हणाले, "बाई, सातवं तुमचं तुम्हीच लिहा. दोन साक्षीदार घ्या आणि कृपा करून आठवं लिहू नका."

कलम १. राहतं घर, आतल्या सामानासह, माझा मुलगा राल्फ याला. तो हद्दीपलीकडे, शेजारच्या ओहायो राज्यात राहतो. तिथे जाऊन त्याला वीस वर्षं होत आली आणि आता तो पेपरोनी रोलला "पेपरोनीचा पाव" म्हणतो. गेल्या नाताळात पाहुण्यांसमोर म्हणाला. मी ताटावरून उठले होते. तरीही घर त्यालाच, कारण पोटचा आहे.

कलम २. बँकेत जे काही निघेल त्यातून माझा अंत्यविधी करावा आणि उरेल ते चर्चच्या छपराला द्यावं. फुलं आणू नयेत. मला शिंका येतात.

(उठून भट्टी बघून आले. बसवत नाही. काल रात्रीपासून पायांना चैन नाही.)

कलम ३. बेकरी. आता नीट लिहिते.

ही बेकरी, भट्टी, कणीक मळायचं यंत्र, सगळी लाटणी आणि दारावरची पाटी माझी नात मार्लीना हिला. राल्फची मुलगी असून ती परत इथे आली, सात वर्षं माझ्या हाताखाली राबली, आणि तिचा पाव माझ्यापेक्षा मऊ होतो. हे मी तिला तोंडावर कधी सांगितलेलं नाही, मेल्यावर वाचू दे.

अट एकच. या बेकरीत पेपरोनी रोल होईल तो कांडीचाच. कणकेच्या पोटात पेपरोनीच्या, म्हणजे तिखट सॉसेजच्या, तीन कांड्या, बस्स. चकत्या नाहीत. चीज नाही. आमचे बाप-आजे खाणीत उतरायचे तेव्हा एका हातात पाव आणि दुसऱ्या हातात सॉसेजची कांडी असायची, दोन्ही एकत्र भाजलं तो हा रोल. राज्याची हद्द ओलांडा आणि कुठल्याही दुकानात मागून बघा. काउंटरवरची पोरगी विचारते, "काय म्हणालात?" जगात आमचं म्हणावं असं एवढंच आहे. चकती पिझ्झावर घालतात. ज्या दिवशी माझ्या भट्टीत चकती शिरेल त्या दिवशी मार्लीनाची मालकी संपली, बेकरी राल्फची. तो ती दुसऱ्या दिवशी विकेल हे मला ठाऊक आहे.

मार्लीना मागे उभी राहून हे वाचत होती. म्हणाली, "नॉना, मग मला नको बेकरी."

"नको म्हणजे?"

"अट घालून दिलेली नको. एर्सिलियाआजीचं दुकान बंद झाल्यापासून म्हातारी माणसं इथे येऊन चकतीचा रोल मागतात. मी त्यांना परत पाठवते आणि मला लाज वाटते."

"त्या बाईचं नाव या भिंतींच्या आत घ्यायचं नाही."

एर्सिलिया ब्रुनेटी ही माझी सख्खी थोरली बहीण. समोर राहते. २६ वर्षं मी तिच्याशी बोललेले नाही. आता विषय निघालाच आहे तर कारणही लिहून ठेवते. कांडीचं तेल पावात पट्ट्यासारखं उतरतं. चकतीचं तेल गोल उतरतं. अमादेओ रोल कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवायचा. १९९९ च्या उन्हाळ्यात त्याच्या खिशावर मला एक गोल नारिंगी डाग सापडला. पुढच्या आठवड्यात दुसरा. या गावात चकतीचा रोल एकाच ठिकाणी मिळायचा. मग एका शनिवारी त्याला तिच्या मागच्या दाराने बाहेर पडताना या डोळ्यांनी पाहिलं. त्याला काही विचारलं नाही. विचारलं असतं आणि तो हो म्हणाला असता तर? तिच्या दारासमोर जाऊन मात्र भर रस्त्यात ओरडले, "तुझ्या चकत्या तुलाच लखलाभ!" लोकांना वाटलं, दोघी बहिणी पावावरून भांडतात. मी तसंच वाटू दिलं.

मार्लीनाने हातातलं पिठाचं भांडं खाली ठेवलं. "नॉना, तुला खरंच माहीत नाही? आजोबा मला सोबत न्यायचे. शनिवारी. तुला सांगू नये म्हणून मला आइस्क्रीम मिळायचं."

"काय सांगू नये म्हणून?"

"की त्यांना कांडी चावता येत नव्हती."

मी जागची उठले. बसले. परत उठले. मग एप्रनवरच रस्ता ओलांडला.

एर्सिलियाने दार उघडलं, मला खालपासून वर पाहिलं. २६ वर्षांनंतर तिचा पहिला शब्द: "कोण गेलं?"

"अजून कोणी नाही. गुरुवारी बघू. अमादेओ तुझ्याकडे कशाला यायचा?"

"खायला."

"माझ्याकडे काय कमी होतं त्याला?"

"दात," ती म्हणाली. "वरची कवळी त्याला कधी धड बसलीच नाही. कांडीचा लचका तोडायला गेला की कवळी पावात रुतून बसायची. खाणीत पोरं हसायची. तू दिलेला डबा तो दुसऱ्यांना वाटून टाकायचा आणि माझ्याकडे येऊन दोन रोल खायचा. भिजवून."

"मला एका शब्दाने सांगितलं असतं तर मी..."

"तुला? भर चर्चच्या जत्रेत माईक हातात घेऊन कोण म्हणालं होतं, चकती खाणारा माणूस या राज्याचा नव्हेच, त्याला ओहायोत नेऊन सोडा? सगळे टाळ्या वाजवत होते. तो पहिल्या रांगेत बसला होता, फिलो."

"आणि तू? तू का नाही बोललीस? मी तुझ्याबद्दल काय काय समजून बसले!"

"त्याने शपथ घातली होती. आणि तू जे समजलीस ते मला समजलं, तेव्हा मलाही राग आला. मला काय राग येऊ नये?"

मी परत आले. मार्लीनाने पाणी दिलं. इथे खरं तेच लिहिते: मी गावाला जेवू घालत होते आणि माझ्या घरात माझा माणूस उपाशी होता. रोज संध्याकाळी डबा रिकामा आला की मी खूश व्हायचे. कांडीचे बारीक तुकडे करून घातले असते तरी चाललं असतं. दोन मिनिटांचं काम. त्याला ते मागायची भीती वाटली, आणि ती भीती मी घातलेली. अमादेओ, माझं चुकलं रे. नियम असो नसो, हे मृत्युपत्रात राहू द्यावं.

कलम ३, दुरुस्त. बेकरी मार्लीनाला, विनाअट. कांडी, चकती, जे ज्याला चावता येईल ते. मात्र तिने त्यात अननस घातला तर मी वर जिथे असेन तिथून खाली येईन.

कलम ४. जत्रेच्या त्या भाषणाबद्दल चर्चने मला दिलेली ढाल भंगारात द्यावी.

कलम ५. टेकडीवरच्या दफनभूमीत आमच्या नावावर ओळीने तीन जागा आहेत. मधली अमादेओची, तो तिथे आहे. डावीकडची माझी. उजवीकडची राल्फसाठी घेतली होती, पण त्याने ओहायोत सोय केली आहे. ती माझी बहीण एर्सिलिया हिला. हवी असल्यास. नको असल्यास तिथे गवत वाढू द्यावं. मी काही आग्रह करणार नाही.

(दुपार झाली. साक्षीदारांना निरोप पाठवला. एर्सिलियालाही पाठवला आहे. उद्या राल्फ अटीवरून तंडायला लागला तर अट मी राजीखुशीने काढली हे सांगणारं माणूस तिच्याशिवाय नाही. येईल न येईल. तीनदा खिडकीशी जाऊन आले.)

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

ठिकाण: लॉरेल फोर्क, बेकरी.
तारीख: १४ ऑक्टोबर २०२५.
सही: फिलोमेना स्काफिदी

साक्षीदार पहिला: ओडेल क्रिसमन, न्हावी, शेजारचं दुकान. (सही)

साक्षीदार दुसरा: ~~एर्सिलिया ब्रुनेटी~~ वांडा टेट्रिक, टपाल वाटणारी, दारात सापडली. (सही)

खाडाखोडीचा खुलासा: एर्सिलिया आली. काठी टेकत, चांगला कोट घालून. चष्मा लावून पहिल्या ओळीपासून सगळं वाचलं, मध्येच दोनदा "हं" म्हणाली. मी पेन दिलं. तिने नाव लिहिलं, सही करायच्या आधी ओडेल म्हणाला, "एर्सिलियाबाई, एक सांगून ठेवतो, माझ्या भावाच्या वेळी घोळ झाला होता. जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या कागदातून काही मिळत नाही. मिळणार असेल तर ते जातं."

"म्हणजे टेकडीवरची जागा जाते?"

"जाते."

एर्सिलियाने आपलं नाव आपल्या हाताने खोडलं आणि पेन मला परत दिलं. "मग दुसरं कोणी बघ," ती म्हणाली. "मी नाही सही करत."